आखडता हात

स्टोकमध्ये आडनाव लिहितात कोलक्लॉ
आणि उच्चारतात कोकली.
केरिसला पहिल्या दिवशी मी एवढंच शिकवलं :
आधी हाक नीट मारायची,
मग गुडघ्याला हात लावायचा.

एकेचाळीस वर्षं या माणसानं कपांना कान लावले.
ओल्या मातीचे, दिवसाला शेकड्यांनी.
अंगठ्याचा एक दाब, स्पंजचा एक हात, पुढचा.
मी केरिसला सांगितलं, माझ्या भाषेत
कान लावणं म्हणजे मन लावून ऐकणंसुद्धा.
तिनं ते वहीत टिपून घेतलं
स्नायूंच्या ताकदीच्या तक्त्याखाली.

आता त्यांना डावीकडचं जग नाही.
बशीतले उजवीकडचे बटाटे संपतात,
डावीकडचे गार होतात.
दाढी अर्धी. चष्म्याची एकच काडी कानावर.
आमच्याकडे पंगतीत वाढताना हात आवरला
तर मावशी म्हणायची, डावं-उजवं करू नकोस गं.
इथे खुद्द मेंदूच करतोय ते,
आणि त्याला रागवायची सोय नाही.

केरिस रेक्सहॅमची. खांदे रग्बीचे.
कुणी कलंडलं की तिचा हात
तिच्या आधी पोचतो.
पुस्तकातलं सगळं पाठ :
टाचा मागे, नाक पुढे, बोटांच्या पलीकडे,
एक, दोन, आणि उठा.
तीन म्हणायच्या आत तीच त्यांना उठवून मोकळी.
कोकली उभे, वॉर्ड खूश,
पण उठलं कोण?

मीही अशीच होते.
सांगलीहून नवी आले तेव्हा वाटायचं,
हात देण्याचाच तर पगार मिळतो.
मग एकदा मिसेस टॅम्स म्हणाल्या,
पोरी, तू साडेचारला घरी जातेस.
रात्री दोनला मला मोरीपर्यंत कोण नेणार?
त्या वेळी मी हसले होते.
घरी जाऊन हसू आलं नाही.

गुरुवारी खुर्ची दोन इंच उंच केली.
केरिसला म्हटलं, आज हात आखडता घ्यायचा.
कंजुषी शिक. एक वीत अंतर.
पडले तर तुझे,
डगमगले तर त्यांचे.

पहिल्यांदा ते निम्म्यावरून परत आले, धप्प.
दुसऱ्यांदा बूट फरशीवर किंचाळला.
पडद्यापलीकडे कुणीतरी सुडोकूचे आकडे मोठ्यानं वाचत होतं.
तिसऱ्यांदा आधी बराच वेळ काहीच झालं नाही.
केरिसनं माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे.
मग नाक पुढे आलं, मांड्या सुटल्या,
डाव्या गुडघ्याला थरथर,
तेवढीच थरथर केरिसच्या बोटांना,
मधे ती एक वीत.
उभे.
सात सेकंद. आठ म्हणायला मी धजले नाही.
बसले, एक जुनी शिवी हासडली,
आणि चहा मागितला.

पिऊन झाल्यावर त्यांनी कप उपडा केला,
बुडावरचा शिक्का वाचला, परदेशी निघाला.
या गावात सगळेच असं बघतात, हॉटेलात, लग्नात, कुणाच्याही घरी.
हं, म्हणाले, आणि कप डावीकडे ठेवला
जिथे टेबल नव्हतं.
केरिसनं वरच्यावर झेलला.
कान तिच्या बोटात.
कप झेलायला माझी काही हरकत नव्हती.

संध्याकाळी फॉर्म भरायला घेतला.
विद्यार्थिनीनं आज काय केलं? खाली तीन ओळींची जागा.
मी लिहिलं : काही नाही.
आणि पेन तसंच धरून बसले,
कारण ही शाबासकी आहे
हे विद्यापीठाला कळेल असं कसं लिहायचं
ते मला अजून जमलेलं नाही.
खिडकीतून दिसत होतं :
बसस्टॉपवर केरिस एकटीच
आपले दंड चोळत उभी.